सोळाव्या वर्षाची भीती आणि तिची पोस्टरं

१९७९च्या जुलैमध्ये 'व्हरायटी' या अमेरिकी चित्रपट-व्यवसायाच्या साप्ताहिकात एक पानभर जाहिरात छापून आली. ठोकळ्यासारखी जाडजूड अक्षरं काच फोडून बाहेर येताहेत आणि चिरफळ्या चहूकडे उडताहेत, एवढंच चित्र. अक्षरं होती 'फ्रायडे द थर्टीन्थ'. आजवरचा सर्वांत भयानक चित्रपट, असा दावाही सोबत होता. चित्रपट मात्र नव्हता. निर्माता-दिग्दर्शक शॉन कनिंगहॅमच्या हाती तेव्हा फक्त नाव होतं आणि ती अक्षरं होती. पटकथा पुरी व्हायची होती, पैसा उभा राहायचा होता. हे नाव दुसऱ्या कुणाच्या मालकीचं असेल तर तो भांडायला येईल, नसेल तर वितरक विचारणा करतील, असा त्याचा हिशेब. विचारणा झाली. पुढच्या वर्षी ९ मे रोजी चित्रपट लागला आणि सुमारे साडेपाच लाख डॉलरमध्ये बनलेल्या या चित्रपटाने एकट्या अमेरिकेत जवळजवळ चार कोटी डॉलर मिळवले.

चित्रपट तयार झाल्यावर त्यातलं एखादं दृश्य निवडून पोस्टर करायचं, ही नेहमीची रीत. टीन हॉरर म्हणजे शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींच्या भोवती फिरणारा आणि मुख्यतः त्यांनाच तिकीट विकणारा भयपट. या प्रकारात ही रीत पुष्कळदा उलटी झाली. पोस्टरने आधी वचन द्यायचं आणि चित्रपटाने ते जमेल तसं निभावायचं. पैसा थोडा, नावाजलेले नट नाहीत, समीक्षकांकडून चांगल्या शब्दाची आशा नाही. उरतो तो एक कागद. साधारण सत्तावीस इंच रुंद आणि चाळीस-एक्केचाळीस इंच उंच. थिएटरबाहेर, मॉलच्या भिंतीवर तो लागणार आणि शुक्रवारी संध्याकाळी मित्रांबरोबर हिंडणारं सोळा-सतरा वर्षांचं पोर त्याच्यासमोर क्षणभर थांबणार. त्या क्षणात काम झालं तर झालं.

म्हणून पुढच्या पानांवरची पोस्टरं आणि मुखपृष्ठं पाहताना एक प्रश्न सतत जवळ ठेवावा: हे चित्र करणाऱ्याने समोर कोण उभं आहे असं धरलं होतं? चित्रकाराचा हात, रंग, अक्षरं, सगळ्याचं मोल या अंदाजावर ठरतं. अंदाज बरोबर निघाला तिथे फुटकळ पैशातले चित्रपट इतिहासात जाऊन बसले. चुकला तिथे चांगले चित्रपटही बुडाले.

सुरुवात 'हॅलोवीन'पासून करायला हवी. जॉन कार्पेंटरचा हा चित्रपट १९७८च्या ऑक्टोबरमध्ये आला, खर्च सुमारे सव्वातीन लाख डॉलर. नायिका जेमी ली कर्टिस नवखी होती. हिचकॉकच्या 'सायको'तल्या जॅनेट ली यांची ती मुलगी, एवढीच तिची ओळख. पोस्टर रॉबर्ट ग्लीसन यांनी रंगवलं. काळीभोर पार्श्वभूमी. तिच्यावर आतून उजळलेला, डोळे आणि दात कोरलेला नारिंगी भोपळा, जसा हॅलोवीनच्या सणाला अमेरिकेत प्रत्येक दारात ठेवलेला असतो. भोपळ्याच्या फुगीर कडा एकेक करून पुढे सरकतात, आवळत जातात आणि सुरा धरलेली मूठ होते. वार व्हायच्या आधीचा झोक त्या कडांच्या लयीतच आहे. थोडं जवळ जाऊन पाहिलं तर मुठीच्या शिरा आणि बोटांची हाडं यांत किंचाळणारा एक चेहराही दिसू लागतो. रक्ताचा थेंब नाही, प्रेत नाही, खुनी नाही. खाली फक्त एवढंच सुचवलेलं, की त्या रात्री 'तो' घरी परतला. 'तो' कोण हे सांगितलेलं नाही आणि घर तर प्रत्येकाला आहे.

या पोस्टरची ताकद भोपळ्यात आहे, सुऱ्यात नाही. सुरा कुठल्याही गुन्हेपटावर असतो. मुलांनी लहानपणापासून स्वतःच्या हाताने कोरलेली, आईने पायरीवर ठेवलेली वस्तू उलटते, हे त्यांना लागणारं होतं. पुढे दहा वर्षं या प्रकारातल्या चांगल्या चित्रकारांनी हीच वाट धरली. भूत, स्मशान, पडका वाडा बाजूला सारून त्यांनी मुलांच्या रोजच्या वस्तूंत भीती पेरली: अंथरूण, टेलिफोन, वसतिगृहाची खोली, उन्हाळी शिबिराचा तंबू.

'फ्रायडे द थर्टीन्थ'चं अंतिम पोस्टर ॲलेक्स एबेल यांचं. हातात रक्ताळलेला सुरा घेतलेल्या माणसाची नुसती बाह्यरेषा आणि त्या रेषेच्या आत रात्रीचं रान, त्यात शिबिरावर आलेली तरुण मुलंमुली. मारेकऱ्याला चेहरा नाही; त्याच्या पोटातच ती मुलं उभी आहेत. चित्रपट पाहिलेल्याला यातली दुसरी गोम कळते. या पहिल्या भागात खून करणारी व्यक्ती पुरुष नसून जेसन नावाच्या बुडालेल्या मुलाची आई आहे. बाह्यरेषेने तेच झाकलं. मोकळी जागा पाहणारा आपल्या मनातल्या पुरुषाने भरतो आणि शेवटी फसतो. हॉकीच्या मुखवट्यातला जेसन, जो आज टी-शर्टांवर दिसतो, तो १९८२च्या तिसऱ्या भागापर्यंत जन्मलेला नव्हता. मुखवटा सापडल्यावर मात्र पोस्टरवाल्यांचं काम सोपं झालं आणि माझ्या मते थोडं आळशीही झालं. ओळखीचा मुखवटा दाखवला की झालं. पाहणाऱ्याला भरायला जागा उरली नाही.

या काळातलं सर्वोत्तम पोस्टर कोणतं, यावर वाद होऊ शकतो. या प्रस्तावनेचं मत १९८४च्या 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'ला. चित्रकार मॅथ्यू पीक. 'माय फेअर लेडी' आणि 'अपोकॅलिप्स नाऊ'ची पोस्टरं करणाऱ्या बॉब पीक यांचा मुलगा, तेव्हा अगदी तरुण. वेस क्रेव्हनच्या चित्रपटाची कल्पना सोपी आणि निर्दय होती: फ्रेडी क्रूगर नावाचा जळका माणूस मुलांना स्वप्नात गाठतो आणि स्वप्नात मेलेला खरोखर मरतो. झोप टाळता येत नाही, म्हणून सुटका नाही. पीकने चित्राच्या खालच्या भागात नॅन्सी नावाच्या मुलीला निजवलं. डोकं उशीवर, पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलेलं, डोळे सताड उघडे. तिच्या डोक्यावरच्या अंधारातून एक कवटीसारखा चेहरा आणि चार लांब पाती लावलेला पंजा खाली उतरतोय. पडद्यावरच्या फ्रेडीचा चेहरा इथे ओळखू येत नाही, त्याची टोपी आणि पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटरही नाही. नॅन्सी किंचाळत जागी झाली नाही तर ती जागीच होणार नाही, अशा अर्थाची ओळ सोबत.

आता त्या पांघरुणाकडे पाहावं. लहानपणी प्रत्येकाने ते असंच ओढून घेतलेलं असतं, कारण पांघरुणाच्या आत काही होत नाही अशी समजूत. पीकने ती समजूत जशीच्या तशी काढली आणि पाती तिच्या वर टांगली. मुलगी पाहते आहे ती आपल्याकडे. वरच्या पंजाकडे नाही. त्याची जाणीव तिच्या डोळ्यांत आहे, तो दिसतो फक्त आपल्याला. सांगावं की सांगू नये, अशा अवघड जागी पोस्टर पाहणाऱ्याला नेऊन ठेवतं. चित्रपट काढणारी न्यू लाइन सिनेमा ही तेव्हा डबघाईला आलेली छोटी कंपनी होती. पुढे तिला 'फ्रेडीने बांधलेलं घर' असंच म्हणू लागले. त्या घराच्या पायात या कागदाचाही दगड आहे.

योगायोग असा, की 'एल्म स्ट्रीट' ज्या दिवशी लागला त्याच दिवशी, ९ नोव्हेंबर १९८४ रोजी, 'सायलेंट नाइट, डेडली नाइट' हा दुसरा भयपटही लागला. त्याच्या पोस्टरवर चांदणं, बर्फ, घराचं धुराडं आणि धुराड्यातून वर आलेला सांताक्लॉजच्या लाल बाहीतला हात, हातात कुऱ्हाड. रचना म्हणून हे चित्र 'हॅलोवीन'च्या भोपळ्याइतकंच पक्कं आहे. सणातली प्रेमाची वस्तू इथेही उलटवली आहे. पण भोपळा मुळातच भुताखेतांच्या सणाचा. सांता पाच वर्षांच्या मुलांचा. टीव्हीवरच्या जाहिराती घरात लहान मुलं जागी असताना लागल्या आणि पालक थिएटरांसमोर फलक घेऊन उभे राहिले. ट्रायस्टार कंपनीने आधी जाहिराती आणि मग चित्रपटच मागे घेतला. पोस्टर सोळा वर्षांच्या पोरासाठी केलेलं होतं. पाहिलं त्याच्या धाकट्या भावंडांनी आणि आईवडिलांनी.

व्हिडिओ कॅसेटच्या दुकानाने या कलेची जागाच बदलली. पोस्टर भिंतीवर एकटं असतं. कॅसेटचं कव्हर शेकडो कव्हरांच्या गर्दीत, हाताच्या अंतरावर. तिथे संयमापेक्षा ओरडण्याला किंमत आली. 'चॉपिंग मॉल'चं उदाहरण बोलकं आहे. बंद मॉलमध्ये रात्री अडकलेली तरुण मुलं आणि बिघडलेले पहारेकरी रोबो, असा जिम विनॉर्स्की यांचा १९८६चा चित्रपट. आधी तो 'किलबॉट्स' या नावाने लागला आणि चालला नाही. नाव बदललं, कव्हरवर यंत्राचा पंजा आणि त्यात लटकलेली, माणसाच्या अवयवांनी भरलेली खरेदीची पिशवी आली. असा पंजा चित्रपटात कुठेच नाही, आणि कुणाचे तुकडे करून पिशवीत भरलेही जात नाहीत. तरी आज या चित्रपटाचं नाव निघालं की आधी ती पिशवी आठवते. पुढे कव्हरं आणखी धीट झाली. 'द डेड पिट'च्या डब्यावरचं बटण दाबलं की प्रेताचे डोळे हिरवे पेटायचे. 'फ्रँकनहूकर'चा डबा बोलायचा.

ब्रिटनमध्ये या ओरडण्याचा शेवट कायद्यात झाला. 'द ड्रिलर किलर'च्या कव्हरवर एका माणसाच्या कपाळात घुसणारं ड्रिल होतं, रक्तासकट. चित्रपट न्यूयॉर्कमधल्या एका चित्रकाराबद्दलचा, तसा प्रौढांचा. पण ते कव्हर जिथे ठेवलं जाई तिथे शाळकरी मुलंही येत. १९८२ साली त्याच्या जाहिरातीवर तक्रारी झाल्या, वर्तमानपत्रांनी मोहीम उघडली, आणि १९८४च्या कायद्याने जवळजवळ प्रत्येक व्हिडिओला सेन्सॉरचं प्रमाणपत्र बंधनकारक झालं. तक्रार करणाऱ्या बऱ्याच जणांनी आतले चित्रपट पाहिलेले नव्हते. कव्हर मात्र सगळ्यांनी पाहिलं होतं.

पुस्तकांच्या दुनियेत हीच नजर जरा मवाळ होऊन आली. आर. एल. स्टाइन यांची 'फिअर स्ट्रीट' मालिका १९८९ साली सुरू झाली, 'गूजबम्प्स' १९९२ साली. 'गूजबम्प्स'ची मुखपृष्ठं टिम जेकोबस यांची: भडक जांभळे-हिरवे रंग, तिरपा कललेला देखावा आणि बोटांना जाणवतील अशी उठावाची, ओघळणारी अक्षरं. पुस्तक वाचायच्या आधी मुलं त्या अक्षरांवरून बोट फिरवत. भीतीला स्पर्श देण्याची ही युक्ती पोस्टरला कधीच शक्य नव्हती.

१९९६च्या डिसेंबरमध्ये 'स्क्रीम' आला आणि चित्र बदललं. शब्दशः बदललं: रंगवलेली पोस्टरं गेली, छायाचित्रं आली. सुरुवातीच्या पोस्टरवर एका तरुणीचा चेहरा, तोंडावर हात, डोळे विस्फारलेले. ओरडणं आतल्या आत दाबलेलं. हे पोस्टर अजून जुन्या परंपरेतलं होतं. पण त्याच चित्रपटाच्या दुसऱ्या पोस्टरवर सगळे नट एका रांगेत उभे होते आणि पुढची सात-आठ वर्षं बाजाराने या रांगेचीच नक्कल केली. 'आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर', 'अर्बन लेजंड', 'द फॅकल्टी': गडद निळसर पार्श्वभूमी, चार-सहा देखणे चेहरे, कुणीही हसत नाही.

हे आळसातून झालं असं म्हणणं सोपं आहे, आणि पुष्कळ जण म्हणतातही. पण त्यामागे हिशेब होता. नेव्ह कॅम्पबेल आणि जेनिफर लव्ह ह्युइट 'पार्टी ऑफ फाइव्ह'मधून, कोर्टनी कॉक्स 'फ्रेंड्स'मधून, सारा मिशेल गेलर 'बफी'मधून, म्हणजे टीव्ही मालिकांतून, घराघरांत पोचलेल्या होत्या. पोस्टर आता भीती विकत नव्हतं. दर आठवड्याला दिवाणखान्यात भेटणारी ओळखीची मंडळी विकत होतं. त्यांतली कोण वाचते, एवढाच प्रश्न बाकी. 'स्क्रीम'ने या रांगेचा वापर मोठ्या हुशारीने केला. जाहिरातीत ड्र्यू बॅरीमोर सर्वांत मोठं नाव, आणि चित्रपट सुरू होऊन पंधरा मिनिटं व्हायच्या आत ती मरते. प्रेक्षकांनी पोस्टरवर ठेवलेला विश्वासच पहिल्या प्रसंगात मोडला. नक्कल करणाऱ्यांनी रांग उचलली, हा घाव उचलला नाही.

जाहिरातीच्या एका ओळीची किंमत किती वाढली होती तेही याच काळात दिसलं. 'आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर' ही 'स्क्रीम'च्या कर्त्यांची कलाकृती, असा अर्थ निघेल अशी ओळ कोलंबिया कंपनीने वापरली. दोन्हींचा लेखक केव्हिन विल्यमसन होता, पण दिग्दर्शक वेगळा. 'स्क्रीम'ची कंपनी मिरामॅक्स न्यायालयात गेली आणि त्या ओळीविरुद्ध मनाईहुकूम मिळवला.

चेहऱ्यांच्या या गर्दीत १९९९ साली 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'ने उलट टोक गाठलं. रानात हरवलेल्या तीन विद्यार्थ्यांची गोष्ट. प्रसिद्धीसाठी वाटली ती 'बेपत्ता' अशी पत्रकं, नटांच्या साध्या फोटोंसह. पोलीस ठाण्याबाहेर लागतात तशी. ते पोस्टर आहे हेच पाहणाऱ्याला कळत नव्हतं, आणि म्हणून ते चाललं.

समोर कोण उभं आहे याचा अंदाज कंपन्या किती काटेकोरपणे घेत होत्या, हे २००० साली उघड झालं. अमेरिकेत 'आर' दर्जाच्या चित्रपटाला सतरा वर्षांखालच्यांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही. कोलंबाइन शाळेतल्या गोळीबारानंतर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या सांगण्यावरून फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी केली. हिंसेमुळे 'आर' मिळालेले ४४ चित्रपट तपासले. त्यांतल्या ३५ चित्रपटांची जाहिरात सतरा वर्षांखालच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली आढळली. ज्यांना आत येऊ द्यायचं नाही, त्यांनाच बोलावलं जात होतं. पोस्टरांच्या सौंदर्यावर प्रेम करणाऱ्यानेही हा आकडा विसरू नये. ही कला निरागस नाही.

आणि तिने मुलींशी जे केलं ते तर मुळीच निरागस नाही. १९८२चा 'द स्लंबर पार्टी मॅसकर' घ्या. पटकथा स्त्रीवादी लेखिका रीटा मे ब्राउन यांची, दिग्दर्शन एमी होल्डन जोन्स यांचं. मैत्रिणींच्या रात्रीच्या मुक्कामावर ड्रिल घेऊन येणारा पुरुष, म्हणजे या सगळ्या प्रकाराचं विडंबन, असा ब्राउन यांचा हेतू होता. शेवटी मुलगी त्या ड्रिलचं पातंच छाटून टाकते. पोस्टरवर मात्र पाठमोरा पुरुष, पाय फाकवून उभा, त्या पायांमधून लोंबणारं ड्रिल आणि समोर जमिनीवर भेदरलेल्या, तोकड्या कपड्यांतल्या मुली. चित्रपट ज्याची टर उडवतो तेच पोस्टरने गंभीरपणे विकायला काढलं.

सत्तावीस वर्षांनी हेच पुन्हा घडलं. 'जेनिफर्स बॉडी' (२००९) डायब्लो कोडी यांनी लिहिला. 'जुनो'साठी ऑस्कर मिळवून त्या नुकत्याच नावारूपाला आल्या होत्या. दिग्दर्शक कॅरिन कुसामा. गोष्ट दोन मैत्रिणींची: एकीचा पुरुषांच्या एका टोळक्याने बळी दिला, ती राक्षसीण होऊन परतली, आणि दुसरीला हे कळतं आहे. हा चित्रपट तरुण मुलींसाठी केला होता, असं दोघींनी पुढे वारंवार सांगितलं. पोस्टरवर वर्गातल्या बाकावर आखूड स्कर्टमध्ये बसलेली मेगन फॉक्स. मैत्रीण नाही, मैत्रीही नाही. जे मुलगे फॉक्सला पाहायला आले त्यांना भलताच चित्रपट मिळाला. ज्या मुलींची गोष्ट होती त्यांना पोस्टरने दारातूनच परत पाठवलं. अमेरिकेत कमाई जेमतेम खर्चाइतकी झाली. दहाएक वर्षांनी मुलींनी तो स्वतः शोधून काढला, त्यावर लिहिलं, बोललं. रचनेत त्या पोस्टरचा काही दोष नाही. त्याने माणूस चुकीचा निवडला होता.

आपल्याकडे या सगळ्याची सावली आडवळणाने पडली. मुंबईच्या रामसे बंधूंनी 'एल्म स्ट्रीट'वरून नव्वदच्या दशकात 'महाकाल' काढला, पात्यांच्या पंजासकट; महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'तला तात्या विंचू 'चाइल्ड्स प्ले'तल्या बाहुल्याचा मराठी भाऊबंद. पण इथला भयपट एकट्या सोळा वर्षांच्या मुलासाठी फारसा बनलाच नाही. तो अख्ख्या घराने पाहायचा होता, आणि त्याच्या पोस्टरवर भुताशेजारी गाणं, विनोद आणि नायक-नायिका यांनाही जागा द्यावी लागे.

गेल्या दहाएक वर्षांत जुनी पोस्टरं परत आली आहेत, पण भिंत नाहीशी झाली आहे. 'स्ट्रेंजर थिंग्ज' या नेटफ्लिक्स मालिकेचं २०१६चं पोस्टर काइल लँबर्ट यांनी ऐंशीच्या दशकातल्या रंगवलेल्या पोस्टरांच्या धर्तीवर केलं, ब्रशऐवजी आयपॅडवर. त्याच्या शीर्षकाची अक्षरं 'बेंग्विट' वळणाची, स्टीफन किंग यांच्या जुन्या पुस्तकांवर दिसत तशी. २०२१ साली 'फिअर स्ट्रीट'वर तीन चित्रपट आले. हे सगळं लागलं ते मोबाइलच्या पडद्यावरच्या अंगठ्याएवढ्या चौकटीत. नेटफ्लिक्सने २०१६ साली सांगितलं, की प्रेक्षक एका नावावर सरासरी १.८ सेकंद थांबतो आणि त्याचं बहुतेक लक्ष चित्रावरच असतं. २०१७पासून ते चित्रही प्रत्येकासाठी वेगळं निवडलं जाऊ लागलं. समोर कोण उभं आहे याचा अंदाज आता पीकसारखा चित्रकार करत नाही; पाहणाऱ्याने काल काय पाहिलं यावरून यंत्र करतं. १.८ सेकंदांत मुठीतला चेहरा सापडत नाही. म्हणून पुढच्या पानांवरची पोस्टरं शक्य तितकी मोठी छापली आहेत, आणि पहिलं पान 'हॅलोवीन'चं आहे.